कुमासीच्या बाजाराला गोंधळ म्हणू नये

महोदय,

पश्चिम आफ्रिकेविषयी आपल्याकडे जे छापून येते, त्यात सत्तापालट आणि दुष्काळच अधिक असतात. बाजाराचा उल्लेख आला तरी वर्णन 'गर्दी' आणि 'गोंधळ' या दोन शब्दांपुढे सरकत नाही. घानातील कुमासी शहरात काही वर्षे राहिल्यामुळे यातील दुसऱ्या शब्दाला माझी हरकत आहे.

तेथील केजेटिया भागातील बाजारात प्रमुख मालागणिक एक 'ओहेमा', म्हणजे राणी असते. टोमॅटोची वेगळी, याम या कंदाची वेगळी. त्या मालाचा व्यापार करणाऱ्या जुन्याजाणत्या बायका तिची निवड करतात; उधारीवरून किंवा मालाच्या वाटणीवरून तंटा झाला, तर पोलिसांकडे न जाता तो तिच्यापुढे येतो, आणि कोणा विक्रेतीच्या घरी मृत्यू झाला, तर बाकीच्यांना घेऊन अंत्यविधीला जाणे हेही तिचेच काम मानले जाते. पैशांची व्यवस्थाही अशीच घरोब्याची आहे. 'सुसू', म्हणजे रोजची बचत, गोळा करणारा माणूस रोज गाळ्यावर येऊन ठरलेले सेडी (घानाचे चलन) घेतो आणि महिनाअखेरीस एका दिवसाची रक्कम मेहनताना म्हणून ठेवून बाकी सारी परत करतो. व्याज मिळत नाही, परंतु धंदा सोडून बँकेत जावे लागत नाही आणि पुढचा माल भरण्यापुरती रक्कम एकदम हाती येते.

या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही. उत्तरेकडून आलेल्या, डोक्यावर घमेल्यातून ओझी वाहणाऱ्या 'कायायेई' मुलींपैकी कित्येक जणी रात्री दुकानांच्या पायऱ्यांवर झोपतात, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

तरीही बाजाराला बेशिस्त ठरवले, की महागाईचे खापर विक्रेत्या बायकांवर फोडणे सोपे होते. जीवनावश्यक वस्तूंची टंचाई असताना त्यांना साठेबाज ठरवून ऑगस्ट 1979 मध्ये लष्करी राजवटीने राजधानी अक्रातील मकोला क्रमांक 1 हा बाजार जमीनदोस्त केला. टंचाई त्यानंतरही राहिली, कारण तिचे मूळ परकीय चलनाच्या तुटवड्यात आणि सरकारी भावनियंत्रणात होते. आजही टोमॅटो महागला की बोट राणीकडेच दाखवले जाते. कोरड्या हंगामात बराचसा टोमॅटो बुर्किना फासोहून ट्रकने येतो, वाटेत नासतो आणि ते नुकसान भावात धरावे लागते, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. आपल्या वार्ताहरांनी तो एकदा त्या बायकांकडूनच समजून घ्यावा, एवढीच विनंती.

– एक वाचक