मुतारेच्या अंबुयांना

प्रिय अंबुया,

मकादीइ! नमस्कार आधी आणि काम मग, ही तुमचीच शिकवण. झिम्बाब्वेतल्या शोना भाषेत अंबुया म्हणजे आजी, तेव्हा दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारणं आम्हाला जमणार नाही. पत्र मराठीत आहे, कारण तुमच्या घरी उतरलो तेव्हा तुम्ही दिलेल्या सूचनांचा उपयोग यापुढे इकडून तिकडे येणाऱ्यांना व्हावा. तुम्हाला ते फोनवर वाचून दाखवूच.

पहिले आभार सुट्ट्या पैशांचे. झिम्बाब्वेत एप्रिल २०२४ पासून झिग हे नवं चलन आहे, पण रोजचा बराच व्यवहार अमेरिकी डॉलरमध्ये चालतो आणि अडतो तो सुट्ट्यांवर. वीसची नोट पुढे केली की दुकानदार हात वर करतो. निघण्यापूर्वीच एक आणि पाचच्या नोटा गोळा कराव्यात. फाटलेली, चिकटपट्टी लावलेली किंवा फार मळकी नोट कुणी घेत नाही, घेतलीच तर कमी किमतीला. कोंबीत, म्हणजे तिथल्या प्रवासी गाडीत, ह्विंडी, म्हणजे कंडक्टर, कधी दोन अनोळखी प्रवाशांच्या हातात मिळून एकच नोट ठेवतो आणि वाटणी तुमची तुम्ही करा म्हणतो. पहिल्यांदा हा फसवणुकीचा प्रकार वाटतो. तसं काही नसतं, त्याच्याकडे खरंच सुट्टे नसतात.

कोंबी म्हणजे आमच्याकडची वडाप. भरल्याशिवाय हलत नाही. हरारेहून मुतारे सुमारे २६५ किलोमीटर आहे आणि मारोंडेरा, रुसापेमार्गे चार तास तरी धरावे लागतात. अंधार पडण्याआधी पोहोचायचं असेल तर सकाळचीच गाडी घ्या, असं तुम्ही का बजावलंत ते क्रिसमस पासच्या उतारावर कळतं. मोझांबिकमधल्या बैरा बंदराच्या वाटेवरचे अवजड ट्रक त्याच घाटातून उतरतात. ब्रेक तापून निकामी होण्याची भीती असते, म्हणून चालकाने गाडी वरूनच खालच्या गिअरमध्ये घ्यायची. याच डोंगरापायी जुनं उम्ताली गाव उठलं. बैराहून येणारे रूळ डोंगरापलीकडे नेण्यापेक्षा १८९७च्या सुमारास गावच अलीकडे आणून वसवलं, आणि १८९८मध्ये आगगाडी आली. मुतारे हे नाव १९८२चं.

आता गुटी. हा शब्द तुमच्याकडूनच मिळाला, आणि भुरभुर, धुकं, झड यांपैकी एकही मराठी शब्द त्याला नीट बसत नाही. हिंदी महासागरावरून आग्नेयेचे ओले वारे येतात, पूर्वेच्या डोंगरांवर चढता चढता थंड होतात आणि बारीक तुषारांचं धुकं होऊन बसतात. शहर साधारण ११०० मीटरवर, तर ब्वुंबा डोंगरांतलं कॅसल बीकन शिखर १९११ मीटरवर. खाली ऊन असलं तरी वर पाच-सहा अंशांचा फरक पडतोच. जून-जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, स्वेटर आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट दोन्ही लागतात, नुसती शाल पुरत नाही. ब्वुंबाचं वनस्पती उद्यान शहरापासून सुमारे ३० किलोमीटर. तिथे जायला नियमित कोंबी मिळेल या भरवशावर राहू नये. गाडी ठरवताना जाण्या-येण्याचं भाडं आणि थांबायचे तास आधीच बोलून घ्यावेत. सकाळी शहरातून डोंगरमाथा दिसत नसेल तर बेत दुसऱ्या दिवशी ढकलावा, कारण वर जाऊन धुक्याची भिंत तेवढी दिसते आणि वळणांवर समोरची गाडी दिसत नाही.

थंडी आहे म्हणजे डास नाहीत, हा आपल्या लोकांचा आवडता गैरसमज. ब्वुंबापलीकडे रस्ता बर्मा व्हॅलीत उतरतो, तिथे केळीच्या बागा आहेत आणि हिवतापही. पावसाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, आणि त्यानंतरचे काही आठवडेही काळजी घ्यावी. प्रतिबंधक गोळ्या प्रवासाआधी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही ठरल्याप्रमाणे पूर्ण कराव्या लागतात. त्या कोणत्या, हे डॉक्टरने ठरवायचं.

सीमेबद्दल तुम्ही दोनच वाक्यं बोललात, पण ती सगळ्यांत महाग ठरली असती. पहिलं, पायवाट सोडायची नाही. १९७०च्या दशकात ऱ्होडेशियन सैन्याने मोझांबिकच्या सीमेवर सुरुंग पेरले. बरेच काढले गेले, तरी सगळी सीमा मोकळी झालेली नाही. दुसरं, ‘जरा पलीकडे मनिका पाहून येऊ’ म्हणायचं नाही, कारण मनिका मोझांबिकमध्ये आहे. फोर्ब्ज या सीमाचौकीवरून बाहेर पडलं की एकवेळ प्रवेशाचा व्हिसा संपतो. काझा व्हिसा झिम्बाब्वे आणि झांबियापुरता असतो, मोझांबिकमध्ये तो चालत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांनी मोझांबिकचा व्हिसा आधी काढावा, आणि परत यायचं असेल तर झिम्बाब्वेचा अनेकवेळ प्रवेशाचा. भाड्याची गाडी असेल तर मालकाचं परवानगीपत्र, विमा, धोक्याचे त्रिकोण आणि चमकणारं जाकीट बरोबर हवं.

याच चौकीच्या नावात आमच्या गोव्याचाही एक धागा आहे, तो तुम्हाला सांगायचा राहिला. म्हापशात जन्मलेला मानुएल आंतोनियो द सौझा पोर्तुगिजांच्या बाजूने या मुलखात मोठा सरदार झाला होता. नोव्हेंबर १८९०मध्ये राजा मुतासाच्या गावात त्याला ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या ज्या अधिकाऱ्याने पकडलं, त्याचं आडनाव फोर्ब्ज. पुढच्याच वर्षी तह होऊन सीमा आखली गेली.

आणि सादझा. मक्याचं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, कारण बाहेरचं पीठ लगेच शिजून आतलं कोरडं राहतं. म्हणून आधी थंड पाण्यात कालवायचं, मग उकळतं पाणी ओतत ढवळायचं, झाकून दहा-पंधरा मिनिटं खदखदू द्यायचं आणि शेवटी मुगोतीने, म्हणजे लाकडी घोटणीने, घोटत मूठमूठ पीठ घालायचं. आमच्या तांदळाच्या उकडीची ही घट्ट बहीण. शाकाहारी माणसाने ‘मुरिवो उने दोवी’ मागावं, म्हणजे शेंगदाण्याच्या लोण्यातली पालेभाजी. तेवढ्यावर पोट भरतं.

सकाळी ‘मरारा हेरे?’ म्हणजे झोप झाली का, असं विचारलं की ‘न्दारारा मरारावो’ म्हणायचं: तुमची झाली असेल तर माझीही झाली. साकुब्वाच्या बाजारात एवढं म्हटल्याशिवाय भाव विचारू नये. विचारलाच तर आकडा मिळतो, पण वर दोन टोमॅटो जास्त मिळत नाहीत.

तुम्ही मागितलेली फोडणी लिहून ठेवतो. चौघांच्या कोवोला, म्हणजे तिकडच्या पालेभाजीला, दोन चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, चिमूटभर हिंग, चार ठेचलेल्या लसूणपाकळ्या. मोहरी तडतडून थांबली की मगच लसूण, आणि पाला त्यानंतर लगेच. दोवी, म्हणजे शेंगदाण्याचं लोणी, अगदी शेवटी, कोमट पाण्यात सैल करून, नाहीतर तळाला लागते.

मैता बासा, अंबुया.

तुमच्या घरी उतरलेले आम्ही सगळे