सकाळची दहा मिनिटं

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, "दिवस नुसते निघून चाललेत रे, कशातच मन लागत नाही", ते काही केल्या डोक्यातून जाईना. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि पोरीची शाळेची गडबड, म्हणून म्हटलं आज निवांत बसून लिहावंच.

माझंही गेल्या वर्षी हेच चाललं होतं. डोळे उघडले की हात आधी मोबाईलवर, मग मेसेज, बातम्या, कुणाचे तरी व्हिडिओ, त्यात पाऊण तास कुठे जायचा कळायचंच नाही आणि ऑफिसला निघतानाच दमल्यासारखं व्हायचं. आमच्या गॅलरीसमोर पिंपळ आहे बघ, तिकडून थंडी सरत आली की टुक टुक टुक असा एकसुरी आवाज यायचा, मी कितीतरी वर्षं समजत होतो की कुणाची तरी पाण्याची मोटर बिघडलीये. एकदा शेजारच्या काकांना विचारलं तर म्हणाले, अरे तांबट आहे तो, पक्षी!

तिथून सुरू झालं सगळं. रात्री मोबाईल किचनमध्ये चार्जिंगला लावतो आणि सकाळी चहाचा कप घेऊन दहा मिनिटं गॅलरीत बसतो, बस एवढंच. पहिले पाच दिवस नुसता आवाजच, पक्षी काही दिसेना, कारण तो बोलताना मान इकडेतिकडे फिरवतो त्यामुळे आवाज कधी या फांदीवरून तर कधी त्या फांदीवरून आल्यासारखा वाटतो. सहाव्या दिवशी दिसला. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, गळा पिवळा, कपाळावर आणि छातीवर लालभडक रंग. आणि चोच बंद! चोच मिटलेलीच असते, गळा तेवढा फुगतो. मन्या, प्रमोशनचा मेल आला तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

त्याच शनिवारी पोरीला घेऊन पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत गेलो. तिथले कारागीर, म्हणजे तांबट, तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके घालून मठारकाम करतात, ते ऐकून ती लगेच म्हणाली, बाबा, हा तर आपला पिंपळावरचा आवाज! ज्यांनी त्या पक्ष्याला हे नाव दिलं त्यांचे कान काय तयार असतील.

आणि एक, जुन्या डायरीत रोज एक ओळ लिहितो. "पिंपळाला तांबूस पालवी." "हरियालांचा थवा, पाय पिवळेधमक." (हरियाल आपला राज्यपक्षी, हे मी शाळेत पाठ केलं होतं, बघितला मात्र आत्ता.) "वेताळ टेकडीवर काटेसावर फुलली, झाडावर एक पान नाही." मधे आईच्या आजारपणात तीन आठवडे पानं कोरीच राहिली, ती तशीच सोडून पुढे लिहायला लागलो. पहाटे चारला उठा, एकवीस दिवसांचं चॅलेंज घ्या, असलं काही मला झेपत नाही आणि पटतही नाही, एक दिवस चुकला की माणूस सगळंच सोडून देतो. दहा मिनिटं कुणालाही जमतात.

पक्षितज्ज्ञ सालीम अलींचं माहितीये ना तुला? लहानपणी त्यांच्या हाती एक पिवळ्या गळ्याची चिमणी लागली, ती कुठली हे विचारायला ते मुंबईच्या बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत) गेले आणि पुढचं अख्खं आयुष्य पक्ष्यांत गेलं. त्यांचा वाढदिवस १२ नोव्हेंबर आणि जंगल-पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर, म्हणून आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. मला त्यांच्यासारखं काही व्हायचं नाहीये रे, पण काकांना तो एक प्रश्न विचारला नसता तर आजही मी मोटरच समजत बसलो असतो, हे मात्र रोज आठवतं.

तू तर ठाण्यात राहतोस, येऊरचं जंगल तुझ्या दाराशी. पण एवढ्यात तिकडे जाऊच नकोस, आधी आठवडाभर तुझ्या खिडकीतच बस आणि तिथून काय ऐकू येतं ते मला लिहून पाठव, नाव माहीत नसलं तरी चालेल, आवाज कसा आहे तेवढं लिही. एप्रिलमध्ये दोन दिवस तुझ्याकडे येतोय, दुर्बीण आणतो, मग पहाटे येऊरला जाऊ, वहिनींनाही घेऊ. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बाळ्या