विषय: लिफ्टपुढच्या तीन पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
आपली सोसायटी, मनीषनगर, नागपूर

आदरणीय काकाजी,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात मी रॅम्पचा विषय तोंडी काढला, तेव्हा समितीतून उत्तर आलं, "एका घरासाठी सगळ्यांना खर्च कशाला? वॉचमन उचलून देतो ना." म्हणून आज लेखी देते आहे.

उचलून देणं कसं असतं ते सांगते. लिफ्टमधून खाली आले की पायऱ्यांच्या तोंडाशी माझ्या व्हीलचेअरला ब्रेक लावायचा आणि हाक मारायची. वॉचमनदादा मोटर चालू करायला मागे गेले असतील तर थांबायचं. ते आले तरी एकट्याचं काम नाही, मग इस्त्रीवाला, दूधवाला, जो गेटमध्ये दिसेल तो. एक जण मागून धरतो, दुसरा पुढून. खुर्ची तिरपी होते, ओढणी चाकाकडे सरकते आणि मी दोन्ही हातांनी कुर्ता धरून बसते. ऑफिसला जाताना एकदा, येताना एकदा. गेल्या मे महिन्यात पुढच्याचा घामेजला हात सुटला आणि खुर्ची दुसऱ्या पायरीवर आपटली. मी कुणाला बोलले नाही. त्या माणसाची काय चूक होती? वॉचमनदादांनीही साठी ओलांडली आहे.

जयप्रकाशनगर स्टेशनवरून मी एकटी मेट्रोत बसते आणि सीताबर्डीला एकटी उतरते, कारण तिथे लिफ्ट थेट फलाटापर्यंत जाते. माणसं लागतात ती फक्त माझ्या स्वतःच्या घरातून बाहेर पडायला.

काकाजी, ही मेहेरबानीची मागणी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याआधी 1995 चा कायदा होता. नव्या कायद्यात खासगी आस्थापनेची व्याख्या करताना कंपनी, फर्म यांच्यासोबत सहकारी संस्थेचंही नाव घेतलं आहे. म्हणजे आपणही त्यात आलो. आणि भेदभाव म्हणजे फक्त कुणाला हाकलून देणं नाही. अवाजवी बोजा न पडता करता येण्याजोगी सोय नाकारणं हाही भेदभाव, असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. तीन पायऱ्यांशेजारचा उतार बत्तीस फ्लॅटना अवाजवी बोजा आहे, असं तुम्हाला मनापासून वाटतं का?

मोजमाप मी करून घेतलं आहे. प्रत्येक पायरी सहा इंचांची, म्हणजे एकूण चढ अठरा इंच. एक फूट चढायला बारा फूट लांबी, या प्रमाणात अठरा फुटांचा रॅम्प लागतो. सरळ रेषेत तेवढी जागा नाही, पण नऊ-नऊ फुटांचे दोन भाग करून मधे खुर्ची वळवायला पाच फुटांचा सपाट चौक ठेवला तर कुंड्यांच्या ओळीच्या जागेत बसतो. दोन स्कूटर पलीकडे सरकवाव्या लागतील. दोन्ही बाजूंना कठडा हवाच, आणि फरशी गुळगुळीत नको, पावसाळ्यात चाक घसरतं. मिस्त्रीचं अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे.

सगळा खर्च मीच करावा, असंही एकदा मनात आलं होतं. मग विचार बदलला. पहिल्या मजल्यावरची मंडळी लिफ्ट क्वचितच वापरतात, तरी लिफ्टचा मेंटेनन्स सगळ्यांइतकाच भरतात. ती सोसायटीची लिफ्ट आहे. रॅम्पही सोसायटीचाच असायला हवा.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बाळांच्या गाड्या आहेत, त्यांनाही उपयोग होईल हे खरं. पण माझी मागणी त्यावर उभी नाही. मी एकटी असते तरी ती एवढीच रास्त असती.

पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, हे मला ठाऊक आहे. ती वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपण रोज एकमेकांना भेटणारी माणसं आहोत.

तरी येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. आणखी एक. गेल्या वर्षी सभा गच्चीवर झाली. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते, त्यामुळे सभासद असूनही मला घरी आलेल्या रजिस्टरवर सही करून गप्प बसावं लागलं. या वेळी सभा लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये घ्यावी, ही विनंती. तिथे मला कुणी उचलावं लागणार नाही, आणि या विषयावर मला स्वतः बोलायचं आहे.

आपली,
फ्लॅट क्र. 302

सोबत: मिस्त्रीचं अंदाजपत्रक, जागेचा हाताने काढलेला नकाशा