विमा उतरवतानाच पाहणी हवी

संपादक महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातील अनेक लघुउद्योजक आपल्या मालमत्तेच्या विम्याचे नूतनीकरण करतात. हप्ता घेताना विमा कंपनीचा कोणीही जागेवर येत नाही. वादळ होऊन गेल्यावर मात्र प्रत्येक पत्र्याचे आणि पोत्याचे बिल मागितले जाते. ही पद्धत बदलली पाहिजे, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली तालुक्यातील आमच्या काजू कारखान्याच्या गोदामाचे छप्पर उडवले. काजू बीची खरेदी मे अखेरपर्यंत चालत असल्याने गोदाम तेव्हा भरलेले होते. भिजलेली बी पोत्यात राहिली की तापते आणि लगेच बुरशी धरते. वीज नसल्याने ड्रायर बंद, मोबाइलही बंद. बी बाहेर काढून टाकावी तर पुरावा जातो, आणि ठेवावी तर चांगली बीही नासते. नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर आले तेव्हा त्यांनी, यातील नुकसान वादळाने किती आणि माल न हलवल्याने किती, असाच प्रश्न केला. शेतकऱ्यांकडून थोडी थोडी घेतलेली बी ज्या वहीत नोंदवली होती, तिची पाने एकमेकांना चिकटली होती. बँकेला दरमहा दिलेली साठ्याची विवरणपत्रे होती म्हणून निदान काही आधार उरला.

त्याहून मोठा फटका बसतो तो अपुऱ्या विम्याचा. बँकेमार्फत काढलेली पॉलिसी बहुधा कर्जाच्या रकमेएवढीच असते. वीस लाखांच्या मालमत्तेचा विमा दहा लाखांचा असेल, तर विमा निम्म्याच किमतीचा म्हणून भरपाईही निम्मीच, म्हणजे चार लाखांच्या नुकसानीपोटी दोनच लाख हातात पडतात, हे हप्ता घेताना कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तरी त्यापोटी भरपाई कापली जात नाही, ही चांगलीच सुधारणा आहे. पण विमाच निम्मा असेल तर तिचा उपयोग होत नाही.

विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये सर्व्हेअरची नेमणूक आणि त्याचा अहवाल यांसाठी मुदती घालून दिल्या आणि केवळ कागदपत्रांअभावी दावा नाकारता येणार नाही, असेही बजावले. दावा अंशतः नामंजूर झाला तरी सूक्ष्म उद्योग व एकल मालकीचे व्यावसायिक विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागू शकतात, हे आमच्या भागात फारच थोड्यांना ठाऊक आहे. पैशाची निकड असल्याने माणूस ‘पूर्ण व अंतिम’ भरपाई मिळाल्याच्या पावतीवर सही करून मोकळा होतो, आणि त्या सहीने आपला हक्क संपला असे समजतो. प्रत्यक्षात अशा सहीमुळे वाढीव भरपाई मागण्याचा विमाधारकाचा हक्क संपत नाही, असे प्राधिकरणाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे.

किनारपट्टीवरील व्यावसायिक पॉलिसीच्या नूतनीकरणाआधी कंपनीच्या माणसाने जागेवर यावे, छप्पर, यंत्रे व साठा यांची छायाचित्रे काढून नोंद करावी, तिची प्रत कंपनीच्या दप्तरी ठेवावी आणि मालमत्तेच्या किमतीच्या मानाने विमा किती कमी पडतो, ते मराठीत लेखी कळवावे. प्राधिकरणाने हे सक्तीचे करावे आणि कोकणातील लोकप्रतिनिधींनी त्याचा पाठपुरावा करावा, अशी माझी मागणी आहे.

– एक काजू व्यावसायिक, दापोली