यंदा विहिरीकडच्या तुकड्यात ज्वारी पेरली

बाजारओळ,
१२ डिसेंबर २०२५

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन आला तेव्हा मी ऐन बाजारात होतो. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात टमाटेवाल्याची आरोळी. 'गावात काय सुरू आहे' एवढंच ऐकू आलं आणि मी 'सगळं बरं आहे' म्हणून ठेवून दिला. पण तेवढ्यात काही सांगून होत नाही रे. आज जेवणं लवकर उरकली. रात्रीची लाइन बाराला येणार, मग हरभऱ्याला पाणी द्यायला जायचं आहे. तोवर निवांत लिहितो.

सगळ्यात मोठी बातमी आधी. यंदा मी विहिरीकडच्या तुकड्यात ज्वारी पेरली. पाऊण एकरच, पण पेरली. मृगाच्या पावसावरची कापून झाली, कडब्याची गंजी गोठ्याशेजारी लागली आहे. आणि घटस्थापनेच्या सुमारास चार तासं, म्हणजे ओळी, वाणीची ज्वारी टाकली होती, खास हुरड्यासाठी. ती आता दुधात आली आहे. नाताळापर्यंत हुरडा होईल असा अंदाज आहे.

घरात सगळे नाही म्हणत होते. त्यांचंही खोटं नाही. सोयाबीन तीन महिन्यांत हातात येतं, दिवाळीच्या तोंडावर पैसा होतो आणि त्याच वावरात मागून हरभरा घेता येतो. हे गणित गावाला पटलं तशी ज्वारी मागे सरत गेली. यंदाच्या (२०२५-२६) हमीभावात लांब धाग्याचा कापूस ८,११० रुपये क्विंटल, तूर ८,०००, सोयाबीन ५,३२८ आणि संकरित ज्वारी ३,६९९. हे आकडे समोर ठेवले की कोणता शेतकरी ज्वारीकडे वळेल? २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं, शाळेत पोरांनी ज्वारी-बाजरीची चित्रं काढली, भाषणं झाली. आपल्या शिवारात मात्र ज्वारीचं एक धांडंही वाढलं नाही.

पण ज्वारी गेली तिच्यासोबत काय काय गेलं ते मी रोज पाहतो. कडबा गेला. कडबा विकत घ्यायचा म्हटलं की बैल परवडत नाही, म्हणून बैल गेले. पोळ्याच्या तोरणाखाली आपल्या लहानपणी बैलजोड्यांची रांग पार शाळेपर्यंत जायची, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्यांचे आवाज बसायचे. यंदा रांग मारुतीच्या पारापाशीच संपली. माझी जोडी अजून दावणीला आहे आणि ती मला ठेवायची आहे. ज्वारीचं खरं कारण तेच.

त्रास झाला, खूप झाला. पूर्वी सगळ्यांच्याच वावरात ज्वारी असायची तेव्हा पाखरांचा वाटा गावभर वाटला जायचा. आता पंचक्रोशीतली पाखरं माझ्या एका तुकड्यावर उतरतात. दिवसा गोफण घेऊन पोरगा उभा, रात्री मी जागलीला. रानडुकरं तर आहेतच, त्यात रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप. एका रात्रीत चार आडवी तासं भुईसपाट करतात. शेवटी कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारी झटका मशीन लावली, तेव्हा थोडं थांबलं.

नवी ज्वारी दळून आणली त्या दिवशी काकू, म्हणजे तुझी आई, आमच्याकडे आली होती. पीठ चिमटीत घेतलं, वास घेतला आणि म्हणाली, "किती वर्साने आपल्या वावरातलं पीठ हाती लागलं रे बाप्पा!" मग तिने आमच्या चुलीवर स्वतः भाकरी थापल्या. गॅसवर नको म्हणाली. सोबत कण्या टाकून शिजवलेली अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी आणि तेलातली लाल मिरची. तुझ्या आईच्या भाकरीला पापुडा कसा सुटतो तुला माहीत आहे. माझ्या धाकटीने पहिल्यांदाच हातावरून थापलेली भाकर इतक्या जवळून पाहिली. दुसऱ्या दिवशी तिने हट्टाने ज्वारीच्या पिठाची उकडपेंडी करायला लावली, तीही काकूलाच.

बाजाराचं सांगतो. मार्गशीर्षातले गुरुवार आणि आपला बाजारही गुरुवारचा, त्यामुळे या महिन्यात बाजाराला वेगळीच कळा असते. सकाळी नऊपासून बाया महालक्ष्मीच्या पूजेचं घ्यायला येतात. पाच फळं, नारळ, झेंडू, पाच झाडांच्या डहाळ्या. डहाळ्या विकायला पोट्टे शेतांतून भारेच्या भारे आणतात आणि दोन तासांत मोकळे होतात. दुपारी जरा सामसूम असते. खरा बाजार चारनंतर भरतो, कारण वेचणीच्या बायांचा हप्ता त्याच दिवशी होतो. कापूस किलोवर वेचायचा, आठवडाभराचं वजन वहीत, आणि बाजाराच्या दिवशी पैसे हातात. तो पैसा संध्याकाळपर्यंत आपल्याच ओळीतून फिरतो. किराणावाल्याची उधारी फिटते, पोरीला स्वेटर येतो, सुकटीचा वाटा येतो, नवऱ्याच्या औषधाची पट्टी येते आणि शेवटी पोरांसाठी गोडशेवेची पुडी. मी आमच्या ओट्यावर बसून हे पाहतो. आपल्या गावाचा व्यवहार बायांच्या कमरेच्या पिशवीवर चालतो, हे या महिन्यात जितकं दिसतं तितकं कधी दिसत नाही.

मिरचीवाला भिवापुरी मिरची आणून राहिला, तिखट आणि रंगाने लालभडक. वायगावची हळदही मिळते. पुलाजवळच्या भजेवाल्याच्या गाडीवर आता त्याचा पोरगा उभा असतो. मुंगवडे तेच, सोबत तळलेली मिरची आणि पातळ कढी. आलुबोंड्यावर रस्सा घालायचं त्याने नवीन सुरू केलं आहे आणि ते मस्त जमलं आहे. कच्चा चिवडा मात्र अजून म्हातारा स्वतः कालवतो. कांदा, सांभार (कोथिंबीर), कच्चं तेल, तिखट, वरून शेंगदाणे. हाताला माप माहीत आहे, विचारलं तर सांगत नाही.

आणि घरोघरी सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे. तुरीच्या शेंगा भरल्या आहेत. संध्याकाळी बाजारओळीत प्रत्येक ओट्यावर सुपं घेऊन कोणी ना कोणी शेंगा सोलत बसलेलं असतं आणि सोलता सोलता गावाच्या सगळ्या बातम्या इकडच्या तिकडे होतात. कोणाची सोयरीक मोडली, कोणाची जुळली, कोणाच्या म्हशीने वगार दिली. परवा आमच्याकडे सोलेवांगे झाले. ताजे सोले थोड्या तेलावर परतायचे, हिरवी मिरची, लसूण, आलं, सांभार घालून पाट्यावर भरडायचे आणि त्या वाटणात काटेरी देठाची वांगी शिजवायची. मिक्सरवर एकदम मऊ होतात, तो दाणा दाताखाली यायला पाहिजे. पुण्यात गोठवलेल्या पाकिटातले मिळतात म्हणालास, ते खाऊ नकोस, महिनाभर थांब असं म्हणणार होतो. पण थांबायचं कशाला? इकडेच ये.

गेल्या रविवारी पारावर रोडगे झाले. आपल्या ओळीत शेवटच्या घरातली पोरगी पोलीस भरतीत लागली. तिची आई अजूनही वेचणीला जाते. पोरगी पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावायची, हे तर आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. निकाल लागला त्या दिवशी आईने मारुतीला रोडगे बोलून टाकले, आणि मग ओळीने ठरवलं की सामान सगळ्यांचं. कोणी गहू दिले, कोणी वांगी, मी तूप. जाडसर पीठ घट्ट मळून, आत तेलाचे पदर देऊन गोळे केले, गोवऱ्यांचा जगरा पेटवला आणि निखाऱ्यात रोडगे पुरले. वांग्याच्या भाजीचा मसाला काकूने बसून भाजून घेतला. कढईजवळ बाकी कोणाला फिरकू दिलं नाही. पळसाच्या पत्रावळीवर रोडगा कुस्करायचा, त्यात तुपाची धार, वरण आणि ती झणझणीत भाजी. पोरगी स्वतः वाढायला होती. तिच्या आईला आम्ही पहिल्या पंगतीत मधोमध बसवलं. ती बाई जेवताना रडत होती आणि 'वाढ व माय, अजून वाढ' म्हणत होती. मला तेव्हा तुझी फार आठवण आली.

सगळंच गोड नाही, तेही लिहितो. सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन खूप गेलं. संत्र्याला गळ लागली, आंबिया बहाराची निम्मी फळं झाडाखाली कुजली. ज्यांनी बगीचे व्यापाऱ्याला आधीच दिले होते त्यांचे सौदे नंतर तुटले. तुझा चुलतभाऊ महिनाभर गप्प होता. आता बोलतो, पारावर येतो, संध्याकाळी सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसतो, खंजिरी वाजवतो. तू त्याला फोन कर. शेतीचं काही विचारू नकोस, नुसतं बोल.

पुढच्या शनिवारी, २० तारखेला, गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. माझे आबाजी तेव्हाची गोष्ट सांगायचे, तू ऐकली आहेस. आपल्याकडे सकाळी सगळी बाजारओळ खराटे घेऊन उतरते. गुरुवारचा सगळा कचरा पडलेला असतो, त्यामुळे काम भरपूर. यंदा पोट्ट्यांनी नालीही उपसायची ठरवली आहे.

आता नीट ऐक. नाताळची सुटी २५ ला, गुरुवारी आली आहे. म्हणजे बाजार. शुक्रवारी एक रजा टाक, पुढे शनिवार-रविवार आहेतच. गुरुवारी बाजार करू, शुक्रवारी वावरात आगटी पेटवून हुरडा, सोबत तीळ-लसणाची चटणी, वांग्याचं भरीत आणि गूळ. शनिवारी बहिरमला जाऊ, तोवर यात्रा भरलेली असेल. पोरांना सातपुड्याचा पायथा दाखव, मातीच्या हंडीतलं मटण खाऊ घाल. वहिनींना सांग, आमच्याकडे पाहुणी म्हणून यायचं नाही, सोले सोलावे लागतील.

काकू स्वतःहून तुला 'ये' म्हणणार नाही. 'त्याले काम असते' एवढंच म्हणते. पण त्या नव्या ज्वारीतली दोन पायल्या तिने निवडून, पाखडून डब्यात भरून ठेवली आहे आणि डब्यावर तुझं नाव टाकलं आहे. ती पोस्टाने येणार नाही.

तिकीट काढलं की लगेच कळव. बडनेऱ्याला गाडी कितीही वाजता आली तरी मी घ्यायला येतो. थंडी कडाक्याची आहे, पोरांना कानटोप्या आण.

तुझाच,
बाजारओळीतला मित्र