आखाडाच्या तीन आठवडे आधी

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू म्हणालास, "पुण्यात गावरान कोंबडा आठशेला मिळतो अन् तुम्ही साडेतीनशेला देऊन मोकळे होता. अक्कल कुठं गहाण टाकलीय?" शेजारी बसलेल्या मायनं ते ऐकलं अन् नुसती हसली. फोनवर सांगून कळण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

मृग लागायच्या आदल्या दिवशीचं सांगतो. सकाळी सातलाच व्यापारी दारात. मोटारसायकलीला मागं जाळीचा पिंजरा, त्यात आधीच चाळीसेक कोंबड्या कोंबलेल्या. मायनं डालगं उचलून दोन कोंबडे अन् एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, काढली. त्यानं एक कोंबडा पायाला धरून उलटा टांगला, छातीचं हाड चाचपलं अन् म्हणाला, "मावशे, जीव हाय का ह्याच्यात? पिसंच हायत निस्ती." काटा नाही, वजन नाही. आपल्याकडं बॉयलर किलोवर जातो, गावरान मात्र नगावर अन् हाताच्या अंदाजावर. तो हात नेहमी घेणाऱ्याचाच. तिन्हींचे मिळून नऊशे आले. त्यातले पाचशे पोरीच्या वह्या-दप्तराला गेले, बाकीचे बियाण्याच्या पिशवीत घातले.

त्यानंतर तीन आठवड्यांत आखाड लागला. मरीआईला, म्हसोबाला, शेतातल्या देवाला कोंबडा लागतो तो ह्याच महिन्यात. तसल्याच कोंबड्याला तालुक्याच्या बाजारात सहाशे मोजले लोकांनी. नवसाचा काळा असला तर भाव विचारायचाच नाही. म्हणजे बाया कोंबड्या विकतात त्या मृगाच्या तोंडावर, अन् भाव चढतो आखाडात. मधले तीन आठवडे व्यापारी कमावतो. त्याला शाळा कधी उघडते, पेरणी कधी, सगळं ठाऊक असतं. श्रावणात तर कुणी विचारत नाही. पोळ्याच्या करीला तेवढी एक दिवस झुंबड. पुढं नवरात्रात पुन्हा शुकशुकाट.

आणखी एक गोष्ट बायांच्या अंगलट येते. कोंबडी फुकट वाढली, असं त्याच म्हणतात. पाखडणीचे दाणे, उकिरड्यावरचे किडे, शिळी भाकर. खर्च कुठं दिसतो? पण हिशेब मांडला की कळतं. कोंबडी खुडूक बसली की बारा-पंधरा अंड्यांवर २१ दिवस तिचा मुक्काम. निघालेल्या पिल्लांतली निम्मी घार, मुंगूस अन् शेजारचा बोका नेतो. उरलेला कोंबडा किलो-सव्वा किलोचा व्हायला सहा महिने. बॉयलर चाळीसेक दिवसांत दोन किलो भरतो. ही राखण, हे सहा महिने कुणी धरतच नाही, म्हणून घासाघीस करायला तोंड उघडत नाही. वर हा पैसा बाईचा; घरातल्या गड्याला त्याची चौकशी नसते. मला वाटतं, म्हणूनच ह्या धंद्याकडं कुणी धंदा म्हणून बघितलं नाही.

मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा साथीचा रोग, आली तर मग विचारूच नको. एक कोंबडी मान वाकडी करून बसली की अख्खी गल्ली धसका घेऊन उरलेल्या विकायला काढते. व्यापारी त्या निम्म्या भावात उचलतो, अन् तोच रोग बाजारातून दुसऱ्या गावात. लस आहे, स्वस्तही आहे. पण बाटलीत शंभर-दोनशे कोंबड्यांची मात्रा, अन् एकदा पातळ केली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांची बाई ती कशाला आणेल? औंदा आम्ही गल्लीतल्या अकरा घरांनी मिळून आणली, अन् कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर रात्री बॅटरीच्या उजेडात टोचली. कोंबड्यांपेक्षा बायांचाच कालवा जास्त.

२०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा लातूरकडंही आमची अंडी कुणी हातात घेईना. तुझ्या त्या आठशेच्या कोंबड्याचंही सांगतो: अंडी देऊन थकलेली लाल लेअर (अंड्यांसाठी फार्मवर पाळलेली कोंबडी) अन् संकरित कोंबडी शहरात 'गावरान' म्हणून सर्रास खपते. तपकिरी कवच दिसलं की गिऱ्हाईक खूश, पण कवचाचा रंग जातीवर असतो, मोकळं फिरण्यावर नाही. कळपात बघ: आमच्या दोन कोंबड्या एकसारख्या दिसत नाहीत, लेअर सगळ्या एका साच्यातल्या.

तू म्हणालास, मोबाइलवर जाहिरात करू. कर, पण गिऱ्हाइकाची वानवा आम्हाला नाही, आम्हाला तीन आठवड्यांचा दम नाही. दप्तराचे पैसे त्या दिवशी हातात असते तर मायनं कोंबडे सोडले नसते. तेव्हा असं कर. पुढच्या वर्षी आखाडाला तू गाडी घेऊन येशीलच. तुझ्या सोसायटीत खाणारी दहा घरं असतील, त्यांच्याकडून कोंबड्यामागं दोनशे रुपये आगाऊ घे अन् मृगाआधी पाठव. उरलेले कोंबडा हातात पडल्यावर. वजनावर देऊ, काटा मी आणतो, लस टोचल्याची तारीखही लिहून ठेवतो. एखादा मेला तर आगाऊ परत.

मायला सांगितलं तर म्हणाली, "पैसे आधी देणारा गिऱ्हाईक मी जन्मात बघितला नाही, तुझा दोस्त दाखवणार असंल तर दाखव." अन् एक निरोप आहे: गाडीत खाली पोतं अंथर, मागच्या खेपेला नारळ नेताना केलेल्या चिखलावरून वहिनी तुला काय बोलल्या होत्या, ते तिला अजून आठवतं.

तुझाच,
गावाकडचा दोस्त