दहा बाय बाराच्या खोलीत कोणते स्पीकर?

सोलापूर
रविवार

प्रिय मिलिंद,

तुझी स्पीकरच्या चार नावांची यादी मिळाली. काकूंकडून किल्ली घेऊन तुझी खोली मोजली. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट आणि छतही फरशीपासून बरोबर १० फुटांवर. रुंदी आणि उंची सारखी निघाली, हेच त्या खोलीचं दुखणं आहे. त्यामुळंच यादीतलं एक नाव आधीच खोडावं लागतंय.

हिशोब सोपा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धर. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं त्याला भाग दिला की त्या जोडीचा पहिला घुमारा कुठं येतो ते कळतं. लांबीचा ४७ हर्ट्झला, रुंदीचा ५६ला आणि उंचीचाही ५६लाच. दोन जोड्या एकाच ठिकाणी जोर लावणार, आणि दुप्पट सुरावर, म्हणजे ११३ला, पुन्हा तेच. जाड विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली शहाबादी. यातलं काहीच खालचे सूर गिळत नाही. डग्ग्याची घुमक, मृदंग, बेस गिटार सगळं याच पट्ट्यात येतं.

म्हणून मॉनिटर ऑडिओ ब्रॉन्झ १०० खोड. स्पीकर चांगला आहे, पण त्याचा ८ इंची वूफर, म्हणजे खालचे सूर काढणारा मोठा शंकू, नेमका जिथं खोली आधीच फुगलेली आहे तिथंच आणखी हवा भरणार. अपग्रेड म्हणजे जास्त बेस असं दुकानदारही धरून चालतो आणि गिऱ्हाईकही. तुझ्या खोलीत उलटं आहे. बेस खोलीच देणार आहे, तो ही फुकट आणि नको तेवढा. तुला पैसे मोजायचेत ते मधल्या पट्ट्यासाठी: गळा, सारंगी, हार्मोनियमच्या पट्ट्या वेगवेगळ्या ऐकू येणं.

उरली तीन: एलॅक डेब्यू बी ६.२, केईएफ एलएस ५० मेटा आणि हार्बेथ पी ३ ईएसआर.

एलॅकची किंमत बघता तो फार चांगला सौदा आहे, आणि पोर्ट, म्हणजे बेससाठी पेटीला ठेवलेलं हवेचं भोक, पुढच्या बाजूला असल्यानं मागच्या भिंतीची कटकट थोडी कमी. माझी हरकत साडेसहा इंची वूफरला आहे, आणि ती फक्त बेसपुरती नाही. त्या वूफरचा हलणारा भाग साधारण १३ सेंटीमीटर रुंद असतो. २,५०० हर्ट्झच्या लहरीची लांबी भरते १४ सेंटीमीटरच्या आत. सूर त्याच्या जवळ आला की ट्वीटरकडे, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या छोट्या भागाकडे, सोपवायच्या आधीच मोठा वूफर टॉर्चसारखा समोर झोत टाकायला लागतो, आणि लगेच वरचा ट्वीटर मात्र चहूकडं पसरतो. मोठ्या हॉलमध्ये हे खपून जातं. तुझ्याकडं बाजूची भिंत दोन फुटांवर आहे, तिच्यावर आपटून येणारा आवाज सरळ आवाजाच्या पाठोपाठ कानात पोचतो, आणि दोघांचा रंग जुळला नाही की गळा कडक लागतो. एलॅकनं ट्वीटरभोवती खोलगट वेव्हगाइड, म्हणजे आवाजाला दिशा देणारी वाटी, देऊन हे बरंच सावरलंय, पण ५ इंची वूफरला मुळातच इतकं सावरावं लागत नाही.

केईएफमध्ये ट्वीटर वूफरच्या पोटातच बसवलेला आहे. वर, खाली, बाजूला, कुठूनही ऐकलं तरी दोघांचं केंद्र एकच. लहान खोलीत जवळ बसून ऐकणाऱ्यासाठी ही रचना फार उपयोगी. पोर्ट मागं आहे, पण डब्यात फोमचे दोन भागांचे बूच येतात. बाहेरची चकती घातली की बेस थोडा कमी होतो, पूर्ण बूच घातलं की आणखी. तुझ्या खोलीत पूर्ण बूच घालूनच सुरुवात कर.

हार्बेथ सीलबंद पेटी आहे, पोर्टच नाही. पोर्टवाल्या स्पीकरचा बेस आपल्या हद्दीखाली अष्टकामागं, म्हणजे सूर दर वेळी निम्म्यावर आला की, २४ डेसिबलनं कोसळतो, सीलबंदचा १२नं, हळूहळू उतरतो. खोली खाली जे वाढवते ते त्या उतारावर बेताचं बसतं. ही जात मुळात बीबीसीच्या एलएस ३/५ए वरून आली. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, म्हणजे तुझ्या खोलीहूनही लहान जागेत, निवेदकाचा आवाज खरा ऐकू यावा म्हणून बनवलेला स्पीकर तो. नाट्यगीतं आणि ख्याल हेच तुझं मुख्य ऐकणं असेल तर माझं मत हार्बेथला. सिनेमाचं नवं संगीत आणि तालवाद्यं बरोबरीनं असतील तर केईएफ.

आता अ‍ॅम्प. तुझा ४० वॉटचा आहे, तो बदलायची घाई नको. हार्बेथची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक ताकदीला मीटरभरावर मिळणारा आवाज, ८३.५ डेसिबल, केईएफची ८५. एक वॉटला, दोन स्पीकर मिळून, पावणेदोन मीटरवर हार्बेथचे ८२ डेसिबल मिळतात असं धर. ४० वॉट म्हणजे त्यावर १६ डेसिबल, झाले ९८. त्या खोलीत तेवढा आवाज केलास तर काकूच दार वाजवतील. एक मात्र बघ: केईएफचा इंपीडन्स, म्हणजे अ‍ॅम्पच्या विजेला होणारा अडथळा, काही ठिकाणी ३.५ ओहमपर्यंत उतरतो. अ‍ॅम्पच्या मागं ‘४ ते १६ ओहम’ लिहिलंय का ते वाच. ‘८ ओहम किमान’ असेल तर केईएफ जोरात वाजवताना तो तापेल, आणि एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीत असते तेव्हा हमखास बंद पडेल. अ‍ॅम्पच्या वर चार बोटं तरी मोकळी जागा ठेव.

पुण्यात ऐकायला जाशील तेव्हा दुकानाची खोली मोठी आणि गालिचा-पडद्यांनी मऊ केलेली असणार. तिथं हे लहान स्पीकर बेसला रोडावलेले वाटतील आणि शेजारचे मोठे भरदार. त्यावर निकाल देऊ नकोस. दुसरं, दोन स्पीकर ताडून बघताना आवाजाची पातळी सारखी हवी. एक डेसिबलनं मोठा वाजणारा स्पीकर ‘मोठा’ नाही, ‘चांगला’ वाटतो. फोनवरचं आवाजमापक अ‍ॅप आणि पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला चाचणीचा खळखळाट) घेऊन जा, बसायच्या जागी दोन्ही सारखे लाव. मग तीनच गोष्टी ऐक. जुनी मोनो ध्वनिमुद्रिका: गायक दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, मूठभर जागेत उभा राहिला पाहिजे. नुसता तानपुरा: जवारी एकसंध यावी, एखादा सूर पुढं उडी मारत असेल तर तो स्पीकरचा दोष. आणि बाईचा तार सप्तकातला आवाज जरा चढवून: पाच मिनिटांत कान शिणले तर उठ. परत येताना हुतात्मा एक्सप्रेसनं येणार असशील तर खोकी वरच्या रॅकवर टाकू नकोस, केईएफचा एकेक नग जवळजवळ ८ किलो भरतो.

जुने घ्यायचे झाले तर वूफरच्या कडेचा घेर बघ. रबराचा असेल तर ठीक. फोमचा असेल तर आपल्या उन्हाळ्यात तो दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो. चारी बोटांनी शंकू अलगद दाब, खरखर आली तर कॉइल घासतेय. मल्टीमीटरनं दोन्ही नगांचा रेझिस्टन्स मोज, आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

स्टँड विकत घेऊ नकोस. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठलाही फॅब्रिकेशनवाला बनवून देईल, आणि बाजारच्यापेक्षा जड होतील. मात्र स्पीकर ठरल्याशिवाय उंची सांगू नकोस. गादीवर मांडी घालून बसलं की कान साधारण ८३ सेंटीमीटरवर येतात, ट्वीटर तिथंच हवा. हार्बेथचा ट्वीटर पेटीच्या वरच्या भागात आहे, त्याला ६० सेंटीमीटरचा स्टँड पुरतो. केईएफचा पेटीच्या मध्यावर, त्याला ६७-६८ लागेल. खुर्ची ठेवणार असशील तर हे सगळे आकडे बदलतील, म्हणून ते आधी ठरव.

खांब ७५ मिलिमीटर चौकोनी पाइप, २ मिलिमीटर जाडीचा. तळाची प्लेट ३० बाय ३५ सेंटीमीटर, ६ मिलिमीटर जाड. वरची स्पीकरच्या तळापेक्षा किंचित लहान, ५ मिलिमीटर. वेल्डरला सांग की एका बाजूनं सलग टाका ओढू नकोस, समोरासमोर छोटे टाके मारत जा. नाहीतर उष्णतेनं तळाची प्लेट वाकते आणि स्टँड जन्मभर डुलतो. रंग द्यायच्या आधी सपाट फरशीवर ठेवून हलवून बघ. तळाच्या चार कोपऱ्यांत एम ८चे आटे पाडून घे. त्यात बोल्ट खालून डोमनट (गोल डोक्याचा नट) लावून बसव, म्हणजे उंची जुळवता येते. टोकदार स्पाइक शहाबादीचे टवके काढतात.

खांबात वाळू भरायची. धुतलेली, बारीक चाळणीनं चाळलेली आणि गच्चीवर तीन-चार कडक उन्हं दिलेली. ओलसर वाळू पाइप आतून गंजवते. अख्खा खांब भरायला साडेचार किलोच्या आसपास लागेल. आधी दोन तृतीयांश भर, बोटाच्या पेरानं ठोकून बघ. ‘टण्ण’ जाऊन ‘ठक’ आलं की थांब. वरच्या प्लेटला वाळू भरायचं भोक ठेवायला वेल्डरला सांग, त्याला रबरी बूच लाव. स्पीकर आणि प्लेटमध्ये ब्लू-टॅकच्या, म्हणजे चिकट पुट्टीच्या, वाटाण्याएवढ्या चार गोळ्या. स्पीकर सरकत नाही आणि कंपनंही अडतात.

मांडणी लांबीच्या दिशेनं. स्पीकर आखूड भिंतीकडं, पाठ तिला. दोन्हींच्या मध्यांत १८० सेंटीमीटर अंतर, म्हणजे बाजूच्या भिंती ६२वर राहतात. स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून ८५वर. तू तोंडाच्या रेषेपासून १५६ सेंटीमीटर पुढं, म्हणजे तिघांचा समभुज त्रिकोण होतो आणि तुझ्या पाठीमागं सव्वा मीटर मोकळा राहतो. खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा मागच्या भिंतीला टेकून बसू नकोस. मध्यावर ४७ हर्ट्झ नाहीसा होतो, भिंतीला तो दुप्पट होतो.

हे आकडे मुद्दाम वेडेवाकडे ठेवलेत. भिंतीवरून परतलेली लहर स्पीकरच्या लहरीला एका ठिकाणी खोडते. ८५ सेंटीमीटरला ते १०१ हर्ट्झला, ६२ला १३९ला. मागचं, बाजूचं आणि वूफरचं जमिनीपासूनचं अंतर एकच झालं तर तिन्ही खड्डे एकावर एक पडतात आणि आवाज पोकळ होतो. हार्बेथचा वूफर ७० सेंटीमीटरच्या आसपास येईल, तिन्ही वेगळे. केईएफचा मात्र ट्वीटरच्याच उंचीवर, ८३वर. तो घेतलास तर मागचं अंतर ९५ कर.

आत किती वळवायचे ते ऐकून ठरव. सुरुवातीला स्पीकरचा रोख तुझ्या खांद्यांच्या जरा बाहेर ठेव. गायक धूसर वाटला तर आत वळव, ट्रेबल टोचला तर बाहेर. एकावेळी दोन अंशांहून जास्त नको.

आता भिंती. काकू म्हणाल्या, घरात चादरी पुष्कळ आहेत, लावा की भिंतीला. सोलापुरी चादर भिंतीला चिकटवून टांगली तर ती फक्त वरचे सूर खाते. खालचा घुमारा जसाच्या तसा, वर चमक गेलेली, आणि खोली आणखी गुदमरलेली. भिंतीपासून चार बोटं पुढं, चुण्या घालून सोडली तर थोडी कामाची. खरं काम रॉकवूलच्या पाट्यांचं: ४८ किलो घनतेच्या, ५० मिलिमीटर जाड, चार बाय दोन फुटांच्या. लाकडी चौकटीत बसवून मागं तेवढीच पोकळी सोडायची आणि पातळ सुती कापड ताणायचं. कापडातून फुंकर आरपार गेली पाहिजे. कापताना हातमोजे आणि मास्क हवाच, ती लव अंगाला खाजते. तू जागेवर बस, कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांग. जिथं ट्वीटर दिसेल तिथं पाटी. दोन्ही बाजूंना एकेक, तुझ्या पाठीमागं दोन. स्पीकर आणि गादीच्या मध्ये जाड सतरंजी. मागच्या दोन कोपऱ्यांत दुहेरी जाडीच्या पाट्या तिरक्या उभ्या केल्या तर बेसलाही थोडा लगाम बसतो.

५६चं काय? रुंदीचा ५६ तू मधोमध बसल्यावर बराचसा मरतो, उंचीचा राहतो. पाट्यांनी तो जाणार नाही. त्याला तुझ्या स्ट्रीमरमधला पॅरामेट्रिक ईक्यू, म्हणजे हवा तेवढाच पट्टा कमी-जास्त करायची सोय, वापर. यूमिक-१ हा मोजमापाचा माइक आणि आरईडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन २० ते ३०० हर्ट्झ मोज, जिथं सुळका दिसेल तिथं अरुंद पट्ट्यात ५-६ डेसिबल कमी कर. खड्डे मात्र भरायला जाऊ नकोस. खोली ते खोडतच राहते, तू फक्त अ‍ॅम्प आणि वूफर दमवतोस.

वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची साधी तांब्याची. तीन मीटरला जाऊन-येऊन अर्धा दशांश ओहमही होत नाही. त्याहून महाग वायर विकणाऱ्याला नमस्कार कर आणि पुढं चाल. कूलर मात्र स्पीकरच्या समोरच्या खिडकीत बसवू नकोस बे, ओली हवा आणि धूळ थेट शंकूवर येते. मधली खिडकी मोकळी आहे, तिच्यात बसेल.

गादी की खुर्ची, एवढं उलट टपाली कळव. वेल्डरला उंची सांगायची आहे.

तुझा,
सुहास